आईच्या डोळ्यातला वडस

माझ्या आईच्या उजव्या डोळ्यात वडस होता. नाकाकडच्या कोपऱ्यातून निघालेला, बुबुळाच्या दिशेनं सरकत चाललेला, लालसर मांसाचा छोटा त्रिकोण. कोलशेतला आमच्या गावठाणात हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय, कारण आईच्या वयाच्या निम्म्या बायकांच्या डोळ्यात तो असायचाच. या बायकांनी तरुणपणी मिठागरावर टोपल्या वाहिलेल्या, पुढे खाडीच्या कडेला सुकट वाळवत दिवसच्या दिवस काढलेले. दुपारच्या उन्हात मिठाच्या राशीकडे बघवत नाही, आणि गॉगल वगैरे चोचले तेव्हा कुणाला ठाऊक होते? कुणी विचारलं तर "वडस हाय, त्याला काय करायचा" म्हणून पुढच्या कामाला लागायच्या.

आईची आगरी बोली मी इथे जराशी सोपी करून लिहितेय, सगळ्यांना कळावी म्हणून. म्हणजे बघा, इथेही माझी साफसफाई चालूच आहे. पण ते पुढे येईल.

मी कोपरला राहते, नवरा आणि मुलीबरोबर. शाळेत मराठी शिकवते, अधूनमधून शब्दांवर लेख लिहिते. आई कोलशेतला माझ्या भावाकडे असते. मला शब्दांचं वेड आहे, घरात कोशांचा ढीग आहे, आणि नवरा सगळ्यांना सांगत असतो की हिला ताप आला तर ही गोळी घ्यायच्या आधी 'ताप' शब्द कुठून आला ते बघेल. चिडते मी, पण खोटं नाही ते.

दोनेक वर्षांपूर्वी मुलीचा साखरपुडा झाला, घोडबंदर रोडवरच्या एका हॉलमध्ये. लग्न अजून व्हायचंय. ट्रॅफिकमुळे निम्मे पाहुणे जेवायच्या वेळेलाच पोचले, पण आई सगळ्यात आधी हजर. नवं लुगडं, केसात अबोलीचा गजरा, गळ्यात सगळं सोनं. नातीला मध्ये बसवून सगळे फोटोला उभे राहिलो. नंतर फोटोग्राफरकडे फोटो निवडायला गेलेले, तर तो लॅपटॉपवर आईचा चेहरा मोठा करून म्हणाला, "मॅडम, आजींचा डोळा क्लीन करून देऊ का? एक्स्ट्रा चार्ज नाही."

"कर की," मी म्हटलं.

त्यानं दोनदा माउस फिरवला आणि वडस गेला! डोळ्याचा पांढरा भाग कसा लख्ख. मी चक्क "वा!" म्हटलं. आता लिहिताना कान गरम होतात, पण तेव्हा मला मनापासून आनंद झालेला. आई किती छान दिसते असं वाटलेलं. म्हणजे वडस होता तेव्हा ती छान दिसत नव्हती असं मी स्वतःशी कधी बोलले नव्हते, पण वाटत होतं नक्की.

तो फोटो मोठा करून, फ्रेम करून मी आईला दिला. भावानं पुढच्या खोलीत टीव्हीच्या वर लावला. आई त्याच्यासमोर उभी राहिली, पदरानं काच पुसली आणि म्हणाली, "माझा डोला असा पांढरा कसा गो दिसतो?"

"लाईट पडली असेल गं," मी म्हटलं.

मराठीची बाई मी. चाळीस पोरांना खरं-खोटं शिकवते, आणि आईला हे असं उत्तर. तिनं पुन्हा काही विचारलं नाही. मला वाटलं, विसरली.

त्यानंतर तर मला नादच लागला. मुलीनं मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. चेहऱ्यावरचा डाग, डोळ्यातली लाली, काहीही बोटानं घासलं की गायब. गणपतीत कोलशेतला गेलो, आईचा फोटो काढला, घासला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. होळीला तेच. तिच्या वाढदिवसाला तेच. "आजी किती फ्रेश दिसतेय" असे मेसेज यायचे आणि मी खुश. या काळात ती फोनवर दोन-तीनदा म्हणाली की डोळ्यात टोचतं, खडा गेल्यासारखं वाटतं. मी काय म्हटलं असेन? "अगं, वडस आहे तो, जुनाच आहे. पाणी मारत जा." झालं. माझ्या दृष्टीनं विषय संपला, कारण मी रोज बघत होते त्या मोबाईलमधल्या आईला वडस नव्हताच.

मग यंदा एकदा भावजयीचा फोन आला. "ताई, आई तांदूळ निवडताना उजवा डोळा मिटून घेतात. विचारलं तर म्हणतात, मिटला की नीट दिसतं. तुम्ही एकदा दाखवता का? माझं ऐकत नाहीत."

माझं तरी कुठे ऐकते! पण त्या वेळी आली, फार कटकट न करता. ठाण्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं आईची हनुवटी मशीनवर ठेवली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "टेरिजियम आहे. थेंब घालते, थोडा वेळ बाहेर बसा, मग परत बघते."

आणि मी काय विचारावं? मी स्पेलिंग विचारलं. समोर आई डोळा पुसत बसलीय आणि मी म्हणतेय, "मॅडम, पी-टी-नं सुरू होतो ना हा शब्द?" तिनं मान डोलावली. बिचारी हसलीसुद्धा.

बाहेर बाकावर बसल्याबरोबर मी मोबाईल काढला. शब्द ग्रीक निघाला. मुळात 'पंख', त्यावरून 'छोटा पंख'. कारण तो त्रिकोण नाकाकडे रुंद आणि बुबुळाकडे निमुळता, मिटलेल्या पंखासारखा. हेलिकॉप्टर शब्दाच्या शेवटी जो 'प्टर' आहे तोही याच कुळातला, फिरणारा पंख. आपल्या जबड्यामागे, कवटीच्या तळाशी हाडाला दोन पंखांसारखे फाटे असतात, त्यांचं शास्त्रातलं नावही याच शब्दावरून पडलंय. नखावर कातडी चढत जाते त्यालाही हेच नाव. एका शब्दाची एवढी लेकरं! मी तर हरखून गेले.

"आई, ऐक ना. तुझ्या वडसाला ग्रीक लोक छोटा पंख म्हणायचे."

आईनं थेंब घातलेला डोळा मिटून घेतलेला. दुसऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "पंख? मग उडून का नाय जात?"

शेजारी एक हिंदी बोलणाऱ्या बाई बसलेल्या, त्यांच्या नवऱ्यालाही हेच होतं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे याला नाखूना म्हणतात. म्हणजे नख! मला आणखीच चेव आला. ग्रीकांना पंख दिसला, यांना नख दिसलं. मग आपल्या जुन्या वैद्यांना काय दिसलं ते शोधलं. ते याला 'अर्म' म्हणत, त्याचे प्रकारही सांगत, आणि बारीक आकड्यानं तो उचलून धरून कापायची रीतसुद्धा त्यांनी लिहून ठेवलीय. आणि आपला 'वडस'? तो कुठून आला याचा काही छडा लागेना. घरी जाऊन कोशात बघू म्हटलं. डोक्यात नवीन लेखाची जुळवाजुळव चाललेली. खरं सांगते, त्या बाकावरचा तो अर्धा तास माझा फार मजेत गेला.

मग आत बोलावलं. डॉक्टरनं पुन्हा मशीनमधून बघितलं, आणि आता ती हसत नव्हती.

"एरवी मी म्हटलं असतं की साधा वडसच आहे," ती म्हणाली. "पण हा कडेला थोडा उंच झालाय, आणि इथे पांढरट गाठीसारखं काहीतरी आहे. क्वचित वेळा वडसासारखं दिसतं आणि असतं वेगळंच. अगदी वाईटही असू शकतं. म्हणून मला एक कळायला हवं. हा किती वेगानं वाढलाय?"

"जुनाच आहे हो," मी म्हटलं.

"जुना म्हणजे? दोन वर्षांपूर्वी कुठपर्यंत होता? वर्षापूर्वी कुठपर्यंत? तेव्हाही असाच असेल तर मी साधं ऑपरेशन करीन. एवढ्यात वाढला असेल तर थांबता येणार नाही. आजूबाजूचा जास्त भाग काढावा लागेल आणि तुकडा तपासायला पाठवावा लागेल. जुने फोटो आहेत का आईंचे? चेहरा जवळून दिसेल असे. आम्ही नेहमी मागतो, हल्ली सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतात."

"आहेत ना! ढीगभर आहेत," मी म्हटलं आणि गॅलरी उघडली.

गणपती. डोळा पांढरा. होळी. पांढरा. वाढदिवस, केकसमोर, अगदी जवळून. पांढरा स्वच्छ. मी आपली बोटानं सरकवतेय, सरकवतेय. डॉक्टर माझ्या खांद्यावरून बघत होती. शेवटी हळूच म्हणाली, "फिल्टर लावलाय का यांना?"

"मी... साफ केलेत ते."

"मूळ फोटो असतील ना?"

नव्हते. जागा भरते म्हणून मी साफ केलेला ठेवायचे आणि मूळ उडवून टाकायचे. मी डॉक्टरला तसं सांगितलं. आई बोलली. मशीनसमोरच्या स्टुलावर बसूनच, कुणाची तक्रार न करता, माहिती दिल्यासारखं बोलली, "तीच करते साफ. मना ठाव हाय."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. परत येताना रिक्षात मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? तर म्हणाली, पहिल्याच फोटोपासून. "लाईट काय एकाच डोल्यात परते? मी म्हटला, तुना बरा नाय वाटत असंल चार लोकांत. म्हनून मग मी टोचतं ता पन जास्त बोलली नाय."

म्हणजे मी फोटोतून वडस पुसला, आणि आईनं तो बोलण्यातून पुसला. माझ्यासाठी! रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं, मी रडले.

पुढचे दिवस आम्ही आईचा डोळा शोधत होतो. साखरपुड्याच्या फोटोग्राफरनं मूळ फोटो कधीच डिलीट केलेले. भावाच्या मोबाईलमध्ये मी पाठवलेलेच फोटो. आधार कार्डावरच्या फोटोत डोळा सोडा, नाक शोधायला लागतं. एवढं मोठं खटलं आमचं, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि एका बाईचा खरा डोळा कुठेही नाही.

शेवटी भावजयीलाच आठवलं. आई धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नात हळदीपासून धवले गायचे असतात, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्याशिवाय विधी पुढे सरकत नाहीत. "ताई, मागच्या आळीतल्या हळदीला आई गेलेल्या ना? आपल्या साखरपुड्याच्या आसपासच होती ती. त्यांनी व्हिडिओ केलेला मोठा." मी तशीच उठून गेले. नवरदेवाच्या आईनं चहा दिला, पेन ड्राइव्ह शोधून दिला, वर म्हणाली, "तुमच्या आईचा आवाज ऐकायला आम्ही अजून लावतो हो तो."

घरी येऊन लॅपटॉपवर लावला. मांडव, हळदीची ताटं, आणि आई. त्या कॅमेरावाल्याला ती आवडलेली दिसते, कारण तो तिच्यावरून हलतच नव्हता. गालाला हळद, गाता गाता मान हलतेय, आणि मध्येच ती सरळ कॅमेऱ्यात बघते. दोन्ही डोळे उघडे. मी तिथे व्हिडिओ थांबवला.

वडस होता. पण कोपऱ्यात, लहानसा, बुबुळापासून लांब.

मी किती तरी वेळ त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बघत बसले. मग माझी गॅलरी पुन्हा उघडली, या वेळी डोळ्यासाठी नाही. साखरपुड्यानंतरच्या प्रत्येक फोटोत आईनं मान थोडी उजवीकडे वळवलेली. उजवा डोळा जमेल तेवढा आडोशाला. परक्यांच्या मांडवात ती ताठ मानेनं कॅमेऱ्यात बघत होती, आणि माझ्यासमोर तोंड फिरवत होती. मला ते कधी दिसलंच नव्हतं. फोटो साफ करताना सगळं लक्ष त्या एका ठिपक्याकडे.

डॉक्टरला व्हिडिओ दाखवला. "म्हणजे बराच वाढलाय," ती म्हणाली, आणि आठवड्याच्या आत ऑपरेशन ठरवलं. टेबलावर जायच्या आधी आईनं सुनेला घरच्या कोंबड्यांचं सांगितलं आणि मला म्हणाली, "काय होत नाय. तोंड बारीक नको करू." ऑपरेशन झालं. काढलेला तुकडा तपासायला गेला. आता रिपोर्टची वाट बघायची.

ती वाट बघताना मी काय केलं? सवयीप्रमाणे कोश उघडला. 'वडस' सापडला, अर्थ दिलेला, डोळ्यावर वाढणारं मांस. मूळ कुठलं ते नाहीच. दुसरा कोश काढला, त्यात तेच. तिसरा कोश काढायला हात नेला आणि तिथेच थांबले. कुणा ग्रीक वैद्यानं कुणाच्या तरी डोळ्यात इतकं नीट बघितलं की त्याला त्यात पंख दिसला. कुणाला नख दिसलं. आमच्या वैद्यांनी त्याचे प्रकार वेगळे केले. मिठागरावरच्या बायकांनी एकमेकींच्या डोळ्यांत बघून वडस ओळखला. एखाद्या गोष्टीला नाव द्यायचं तर आधी तिच्याकडे बघावं लागतं. मला सगळी नावं माहीत झाली होती, आणि बघितलं मात्र मी नव्हतं. मी कोश मिटला. लेख लिहायचा विचारही सोडला. शब्दाचा राग आला म्हणून नाही. स्वतःची चीड आली होती.

नवरा म्हणाला, तू मुद्दाम केलंस का? प्रेमानंच केलंस ना? मी त्याच्यावर खेकसले. प्रेमानं केलं असतं तर ती टोचतं म्हणाली तेव्हाच उठून कोलशेतला गेले नसते का? कोपरहून कोलशेत काय परदेश आहे?

रिपोर्ट आला. पेशी बदलायला लागलेल्या, पण बदल वरच्या थरातच होता, आत शिरला नव्हता. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ. पूर्ण निघालंय, काही महिने थेंब घालायचे आणि नियमित दाखवत राहायचं. "थोडक्यात वाचल्या," डॉक्टर म्हणाली. मी हात जोडले. मग ती पुढचं बोलली. वडस बुबुळावर जिथवर चढलेला, तिथे एक पुसट डाग राहील. तो जाणार नाही. त्या डोळ्यानं थोडं धूसर दिसेल, कायम. "आधी आला असता तर हा राहिला नसता," असं ती सहज म्हणाली. तिला काय माहीत, तेवढं एक वाक्य मी घरी घेऊन आले ते अजून माझ्याजवळ आहे. निघताना तिनं ऑपरेशनच्या आधी मशीननं काढलेला फोटो कॉम्प्युटरवर दाखवला. स्पष्ट, प्रत्येक शीर दिसेल असा. वडस पूर्ण वाढला तेव्हाचा तो एकमेव खरा फोटो. पण त्यात नुसता डोळा आहे, आई नाही.

परवा कोलशेतला गेलेले. डोळ्याची लाली आता उतरलीय. भावजय आत भाकऱ्या करत होती, आई पुढच्या खोलीत टीव्हीखाली उभी. मला बघून वर फ्रेमकडे बोट केलं आणि स्वतःचा डोळा ताणून मोठा करून दाखवला.

"बघ गो. आता दोनी सारखेच. तुझा फोटो खरा झाला."

ती टोमणा मारत नव्हती. मला बरं वाटावं म्हणून बोलत होती. इतक्या दिवसांत तेवढं मला कळायला लागलंय. "हो, अगदी सारखे" एवढं म्हटलं असतं तर दोघी हसलो असतो, जेवायला बसलो असतो. शब्द तोंडाशी आलेला. पण मी तिच्याजवळ गेले, तिची हनुवटी धरली आणि खिडकीकडे वळवली. बुबुळाच्या कडेला, काळ्यावर, राखाडी डाग होता. तांदळाच्या कणीएवढा.

"नाही," मी म्हटलं. "सारखे नाहीत. इथे डाग राहिलाय."

"दिसतो?"

"जवळून दिसतो."

आईनं मान सरळ केली, पदर नीट केला आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघितलं.

"मग जवलून काढ फोटो," ती म्हणाली.